विमान कंपनीतील वेताची खुर्ची

मित्रांनो, वाचनालयाच्या खिडकीपाशी जिच्यावर बसण्यासाठी तुम्ही रोज भांडता, ती जुनी वेताची खुर्ची म्हणजे मी. माझा डावा हात हलतो. माझ्या पाठीमागे तुमच्यापैकीच कोणीतरी च्युइंगम चिकटवून ठेवले आहे. त्याचा मला राग नाही. जिने मोठमोठ्या माणसांना एकमेकांची मने मोडताना पाहिले, तिला च्युइंगमचे काय एवढे!

तुम्हाला वाटेल, खुर्चीला कसली आली आहे गोष्ट? पण माझे सारे आयुष्य एका विमान कंपनीत गेले. मी स्वतः मात्र एकदाही उडाले नाही.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. तो विमानतळाच्या गोदामात सामानाची लाकडी खोकी ठोकायचे काम करी. बायको लवकर गेलेली. घरात एक मुलगा आणि त्याच्या पाठची एक मुलगी. खाली बसून अभ्यास करताना पाठ दुखते, असे मुलगी एकदा सहज म्हणाली. सुताराने ते ऐकून घेतले. एका मोडक्या पलंगाचे शिसवी पाय त्याला भंगारात मिळाले होते. सुट्टीच्या दिवशी तो त्यांना रंधा मारत बसला. वेत त्याने स्वतः विणला. मुलाने मला पॉलिश केले, आणि माझ्यापेक्षा जास्त पॉलिश आपल्या सदऱ्याला लावून घेतले. त्याचे लक्ष कामावर नव्हतेच. वरून विमान गेले की त्याची मान वर!

वडील दोघांना हाक मारीत तेव्हा मुलगी लगेच येई आणि मुलगा छपरावर सापडे. ती त्याला दादा म्हणे. तो तिला चिऊ म्हणे. गंमत पाहा, उडायचे वेड त्याला, आणि चिमणीचे नाव तिला.

दिवसांमागून दिवस गेले. दादा वैमानिक झाला. चिऊ बँकेत लागली. सुतार देवाघरी गेला. दादा एका मोठ्या कंपनीची विमाने चालवत होता, पण त्याच्या मनात दुसरेच काही घोळत होते. वरून त्याला लहान लहान गावांच्या ओस पडलेल्या धावपट्ट्या दिसत. तिथे गुरे चरत. त्या गावांतल्या आजारी माणसाला शहरातल्या डॉक्टरकडे पोहोचायला अख्खा दिवस लागे, आणि कधीकधी तो पोहोचतच नसे.

"आपण छोटी विमानं आणू, चिऊ," तो एका संध्याकाळी म्हणाला. "मोठ्यांना नको असलेली गावं आपण घेऊ."

ती माझ्यावर बसली होती. तिने विचारले, "एका विमानात माणसं किती? तिकीट किती? इंजिन उघडून दुरुस्त करायला किती खर्च?"

"तू ना, स्वप्नालासुद्धा पावती मागशील!"

"मागणारच. पावती नसली की ते स्वप्न परत करता येत नाही."

ती कितीतरी महिने त्याला प्रश्न विचारत राहिली. मग एके दिवशी तिने बँकेची नोकरी सोडली. दादाला समजले, की आता कंपनी निघणार.

आमचे पहिले कार्यालय म्हणजे मालाच्या शेडमागची पत्र्याची खोली. चिऊने मला घरून तिथे आणले. दोन जुनी, पंख्यांची विमाने होती. विमान सुरू झाले की खोलीतले सगळे कागद थरथरत आणि चिऊ दोन्ही हातांनी ते दाबून धरी. आता तिला सगळे ताई म्हणू लागले होते आणि दादाला कॅप्टन. कंपनीचा प्रमुख तो. पैशांचे सगळे पाहणारी ती. आणि विमानांची तब्येत सांभाळणारे एक मिशीवाले मुख्य इंजिनियर होते. त्यांना सगळे काका म्हणत.

ताईंचा एक नियम होता. पैसे आले की आधी माणसांचे पगार, मग इंजिनांची देखभाल, मग अडीअडचणीची गंगाजळी. उरले तर बाकीचे सगळे. आणि दुसरा नियम त्याहून कडक होता. कॅप्टन एकदा आनंदाने नाचत आला, "चिऊ, सुट्ट्यांची सगळी तिकिटं आत्ताच विकली गेली! गल्ला भरला!"

"दादा, तो गल्ला आपला नाही."

"म्हणजे? लोकांनी पैसे दिलेत."

"दिलेत, पण आपण अजून त्यांना कुठं नेलंय? विकलेलं तिकीट म्हणजे आपण दिलेला शब्द. विमान उतरलं, माणूस सामान घेऊन घरी गेला, की मग ते पैसे आपले."

कॅप्टनने कपाळाला हात लावला. पण ऐकले.

पुढे एका वर्षी विमानतळाची धावपट्टी खचली. दुरुस्तीसाठी विमानतळ कित्येक आठवडे बंद राहिला. आजूबाजूच्या दोन छोट्या कंपन्या त्यात बुडाल्या. आमची विमाने उभी होती, पण एकाचाही पगार थांबला नाही. प्रवाशांना तिकिटाचे पैसे मागायलाही लागले नाहीत, घरपोच परत गेले. धावपट्टी उघडली त्या सकाळी कॅप्टनने सगळ्यांना खोलीत बोलावले. माझ्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "कंपनी मी काढली. पण चालवते ती या खुर्चीवर बसणारी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई मान खाली घालून कागद नीट करत राहिल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

त्यानंतर आमची भरभराट झाली. गावे वाढली, विमाने वाढली. आम्ही उंच काचेच्या इमारतीत राहायला गेलो. तिथे सगळ्यांना चाकांच्या, गोल फिरणाऱ्या मऊ खुर्च्या मिळाल्या. ताईंनी तशी खुर्ची घेतली नाही. "मला एका जागी बसून विचार करायचा असतो," त्या म्हणाल्या. चकचकीत सभागृहात त्या सगळ्या काळ्या खुर्च्यांच्या मध्ये मी म्हणजे लग्नाच्या पंगतीत आलेली गावाकडची आत्या!

मासिकांतून कॅप्टनचे फोटो झळकू लागले. व्याख्यानांना बोलावणी येऊ लागली. जो तो म्हणे, तुमच्यासारखा माणूस छोट्या विमानांत का अडकून पडला आहे? असे रोज ऐकले की भल्याभल्यांच्या डोक्यात हवा जाते. कॅप्टन वाईट माणूस नव्हता. पण त्याला आता लहान गावे खरोखरच लहान दिसू लागली होती.

त्याच सुमारास एक सल्लागार आला. गोड बोलणारा, सुगंधी माणूस. त्याने भिंतीवर रंगीत चित्रे दाखवली. सगळ्या रेघा वर जाणाऱ्या. मोठी जेट विमाने भाड्याने घ्यायची, दूरदूरच्या देशांना उडवायची, तिकीट इतके स्वस्त ठेवायचे की दुसऱ्या कंपन्या मैदान सोडून पळतील. तोपर्यंतचा खर्च? पुढच्या हंगामाच्या तिकिटांचे पैसे आहेतच की!

ताई उठून उभ्या राहिल्या. "उभ्या विमानाचंही भाडं चालू राहतं. इंधन महागलं तर? माणसं कमी आली तर? आणि ते पैसे प्रवाशांचे आहेत."

"ताई, काळजी नसावी," सल्लागार हसून म्हणाला. "धंद्यात थोडं धाडस लागतं."

"धाडस स्वतःच्या पैशानं करायचं असतं."

कॅप्टनचा चेहरा लाल झाला. सगळ्यांसमोर बहिणीने अडवलेले त्याला सहन झाले नाही.

"तुला उडायचीच भीती वाटते, चिऊ. आयुष्यभर काउंटरच्या आत बसलीस. बँकेतली कारकून होतीस, कारकूनच राहिलीस!"

ताईंचा हात माझ्या हातावर होता. तो थंड पडलेला मला जाणवला. पण आवाज चढला नाही.

"हो दादा, मी खालीच बसते. कुणीतरी खाली बसायला हवं. तुला उतरायला जमीन लागते."

एवढे बोलून त्या निघाल्या. पर्स घेतली, चष्मा घेतला. मला घेतले नाही. दारापर्यंत गेल्यावर त्या क्षणभर थांबल्या. कॅप्टनने हाक मारली असती तर त्या वळल्या असत्या, असे मला आजही वाटते. पण कॅप्टन भिंतीवरच्या रेघांकडे पाहत होता.

ताईंच्या जागी सल्लागार आला. "हे भंगार काढा," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. शिपाई मला उचलून नेत होता, तेवढ्यात कॅप्टन म्हणाला, "ती माझ्या केबिनमध्ये ठेवा." मला वाटले, आता तरी हा माझ्यावर बसेल. पण त्याने मला कोपऱ्यात ठेवले आणि माझ्यावर फायली रचल्या. एकावर एक. वेताला ते ओझे सोसेना. धूळ बसली. माझ्याकडे पाहणे त्याने टाळले. टाकवतही नाही आणि पाहवतही नाही, अशी माझी गत झाली.

मोठी विमाने आली. त्या दिवशी रोषणाई झाली, भाषणे झाली. पहिले वर्ष झोकात गेले. मग इंधन महागले. प्रतिस्पर्धी पळाले नाहीत, त्यांनीही तिकिटे स्वस्त केली. मोठी विमाने अर्धी रिकामी उडू लागली. या महिन्याचे इंधन पुढच्या महिन्याच्या तिकिटांवर, आणि पुढच्या महिन्याचे त्याच्या पुढच्या तिकिटांवर. चादर एकीकडे ओढली की दुसरीकडे पाय उघडे! गंगाजळी कधी आटली ते कोणाला कळलेसुद्धा नाही, कारण तिकडे पाहणारी माणसे उरली नव्हती. ज्या लहान गावांनी आम्हाला मोठे केले, तिथली विमाने एकेक करून बंद झाली.

मग पगार लांबले. तिकीट खिडकीवरची एक बाई केबिनमध्ये आली. ती पत्र्याच्या खोलीपासून आमच्याबरोबर होती.

"कॅप्टन, मागच्या महिन्यात तुम्ही म्हणालात, थोडं थांबा. थांबलो. त्याच्या आधीही थांबलो. आता घरमालक थांबत नाही हो."

"पुढच्या आठवड्यात नक्की. एक मोठा उद्योगपती पैसे घालतोय."

"ताई असत्या तर तुम्ही असं बोलला नसता," ती म्हणाली आणि डोळे पुसत गेली.

कॅप्टन खोटे बोलत नव्हता. तो उद्योगपती येणार यावर त्याचा विश्वास होता. बुडणाऱ्याला काडीचा आधार असतो, मित्रांनो, आणि त्याला ती काडी ओंडक्याएवढी दिसते.

एका दुपारी काका आले. मिशा आता पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांनी टोपी काढून हातात धरली. "दोन विमानांची इंजिनं उघडायची वेळ झालीय. सुटे भाग देणारे म्हणतात, आधी रोख पैसे. काय करू?"

सल्लागार समोरच बसला होता. तो म्हणाला, "मुदतवाढ मागू. कागद मी बघतो. हंगाम आहे, विमानं भरलेली आहेत. तोवर उडू द्या."

कॅप्टनने हातातले पेन खाली ठेवले. मग त्याने शांतपणे विचारले, "त्या विमानात तुम्ही तुमच्या मुलांना घेऊन बसाल?"

सल्लागाराने घड्याळाकडे पाहिले. "आम्ही सहसा दुसऱ्या कंपनीनं जातो," तो म्हणाला.

कॅप्टन उठला. इतक्या वर्षांनी मला त्याच्यात पुन्हा तो वैमानिक दिसला. "काका, दोन्ही विमानं उभी करा. आत्ता. आणि तुम्ही," तो सल्लागाराकडे वळला, "तुम्ही निघा."

दोघे गेल्यावर तो खिडकीपाशी उभा राहिला. मग त्याने फोन उचलला. त्याच्या तोंडून फक्त एवढेच निघाले, "चिऊ, येतेस का?"

तिने काय उत्तर दिले ते मला ऐकू आले नाही. पण ती आली. केस पिकले होते. दारात उभी राहून तिने केबिन पाहिली, मग मला पाहिले. कॅप्टनने माझ्यावरच्या साऱ्या फायली उचलून जमिनीवर ठेवल्या. खिशातून रुमाल काढून माझी धूळ पुसली. कोपऱ्याकोपऱ्यातून पुसली.

"बस," तो म्हणाला.

ती बसली. माझा वेत करकरला. दुपारभर ती कागद वाचत होती आणि तो खिडकीबाहेर पाहत होता. शेवटी तिने चष्मा काढला.

"दादा, विमानं उडवायला पैसे नाहीत, हे तुला माहीत आहे."

"उद्योगपती येतोय, चिऊ. शब्द दिलाय त्यानं."

"किती महिने येतोय?"

त्याने पुन्हा खिडकीबाहेर पाहिले.

"ऐक. कंपनी बंद करायलासुद्धा पैसे लागतात. ते आज आहेत. परगावी अडकलेल्या माणसांना घरी आणता येईल. खालच्या लोकांना थोडेफार पगार देता येतील. पुढच्या आठवड्यात तेही जमणार नाही. मग लोक विमानतळावर बसून राहतील आणि आपल्या दाराला कुलूप असेल."

"बाबांच्या माघारी एवढं एकच उभं केलं गं मी."

"आपण केलं," ती म्हणाली. आणि मग तो लहान मुलासारखा रडला. तिने त्याला रडू दिले.

कंपनी बंद झाली. शेवटचे विमान संध्याकाळी उतरले. केबिनच्या खिडकीतून ते दिसत होते. प्रवासी सामान घेऊन गेले तरी आमची माणसे तिथेच उभी होती. कोणालाच घरी जावेसे वाटेना. एक हवाई सुंदरी वर आली. वयाने अगदी लहान. दाराशी उभी राहून तिने विचारले, "सर, युनिफॉर्म परत द्यायचा का?"

कॅप्टनने ताईंकडे पाहिले. ताई म्हणाल्या, "ठेव, बाळ. तुझाच आहे."

सगळ्यांनी क्षमा केली असे समजू नका. खाली कोणीतरी कॅप्टनच्या फोटोची काच फोडली. सामान चढवणारा एक माणूस जिन्यात मोठमोठ्याने बोलत होता, की आमच्या पोरांच्या तोंडचा घास यांच्या रोषणाईत गेला. कॅप्टनने ते सगळे ऐकले. कान झाकून घेतले नाहीत.

त्याने आपला बंगला विकला आणि ते पैसे माणसांच्या थकलेल्या पगाराला दिले. तरी पुरले नाहीत. तो बहिणीच्या दोन खोल्यांत राहायला गेला. त्याचे हृदय कमजोर झाले होते. आणि उरलेल्या पगारांसाठी इमारतीतल्या सामानाचा लिलाव निघाला. काळ्या खुर्च्या, कपाटे, विमानांची छोटी मॉडेल्स, आणि मी.

लिलावाला दोघेही आले. कॅप्टनला चालताना धाप लागत होती. ताईंनी त्याला भिंतीशी बसवले. मला पुढे आणले तेव्हा त्यांनी हात वर केला. मागे जुन्या सामानाचा एक दुकानदार उभा होता. त्याने माझे शिसवी पाय पाहिले आणि जास्त बोली लावली. ताईंनी वाढवली. त्याने आणखी वाढवली. ताईंचा हात खाली आला.

"अगं, म्हण ना थोडं जास्त," कॅप्टन कुजबुजला. "बाबांनी तुझ्यासाठी केलेली खुर्ची आहे. आणि पर्समध्ये आहेत तुझ्या, मी पाहिलेत."

"ते तुझ्या औषधांचे आहेत, दादा."

"या महिन्यात औषध नाही घेतलं तर काही होत नाही."

"दादा."

त्याने तिच्याकडे पाहिले. मी त्याला लहानपणापासून ओळखत होते. आता तो वाद घालेल, उठेल, स्वतःच हात वर करेल, असे मला वाटले. पण त्याने मान हलवली.

"बरं," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं."

एक वार, दोन वार, तीन वार. मी दुकानदाराची झाले. पुढे या वाचनालयाने मला विकत घेतले.

गेल्या हिवाळ्यात, मित्रांनो, एक म्हाताऱ्या बाई इथे आल्या होत्या. तुमच्यातला एकजण पाय पोटाशी घेऊन माझ्यावर पुस्तक वाचत होता, त्यामुळे कोणाचे लक्ष गेले नाही. मी पाऊल वाजताच ओळखले. ताई एकट्याच होत्या. ग्रंथपालबाईंनी विचारले, "काही हवं होतं का?"

"दुकानदारानं इथला पत्ता दिला. ही खुर्ची विकत मिळेल का, विचारायला आले होते. आता पैसे आहेत माझ्याकडे."

ते पैसे कसे उरले असतील, ते मला कळले. औषधे लागणारे माणूसच उरले नव्हते.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "त्याला उठवू का?"

ताईंनी त्या वाचणाऱ्या मुलाकडे पाहिले. त्याला आजूबाजूचे काही भान नव्हते. "नको," त्या म्हणाल्या. "वाचू दे." जाताना त्यांनी माझ्या पाठीला नुसता हात लावला.

मित्रांनो, खुर्चीवर उभे राहू नका, पाय हलवू नका, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी ते सांगणार नाही. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात किंवा वर्गात एखादे माणूस असे असते, की सगळे "चला, चला" म्हणत असताना ते "जरा थांबा" म्हणते. त्याचा राग येतो. त्याला भित्रे म्हणावेसे वाटते. तसे म्हणू नका. आणि रागाच्या भरात म्हणून गेलातच, तर ते माणूस दारापर्यंत पोहोचण्याआधी त्याला हाक मारा. दारात ते क्षणभर थांबते. मी पाहिले आहे.